बत्तिसाव्या नावाखालची कोरी ओळ

त्या उन्हाळ्यात बंगळुरात सर्जापूर रोडकडच्या बोअरवेलींनी आधी गाळ ओकला आणि मग नुसती हवा. भिंतींवर मारायला टँकरचं उग्र वासाचं पाणी यायचं आणि पिण्याला वीस लिटरचे जार. तेही मोजके. इमारत सतरा मजल्यांची. चौदाव्यावर काम चाललेलं, आणि तिथं दोन जार ठेवलेले असत. एक लिफ्टच्या दारापाशी, सावलीला, स्टुलावर. दुसरा जिन्याच्या तोंडाशी, उन्हात, खालीच. जारवर काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. स्टुलावरचा पिवळ्या हेल्मेटवाल्यांचा, खालचा राखाडी हेल्मेटवाल्यांचा.

सोजर राखाडीतली. छपन्न वर्षांची बाई, अंगानं वाळलेली, पण ओझं घेतलं की मान हलायची नाही. तिच्याबरोबर तिचा नवरा लिंबाजी, सून मंदा आणि आणखी आठ जण, सगळे निलंग्याकडच्या एका खेड्यातले, मांगवाड्यातले. त्याच खेड्याच्या वरच्या आळ्यांतले बत्तीस जण याच साइटवर होते. त्यांची हेल्मेटं पिवळी. पिवळ्यांनी विटा लावायच्या, प्लास्टर करायचं, सळई बांधायची आणि लिफ्टनं वर-खाली करायचं. राखाडींनी फुटक्या विटांचा, सिमेंटच्या ढेपांचा मलबा गोणीत भरून चौदा मजले जिन्यानं उतरवायचा. संडासाची टाकी तुंबली की बोलावणं राखाडींनाच. हे असं का, हे कुणी विचारत नव्हतं. लिंबाजीचा उजवा गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. तो एकेक पायरी आडवा होऊन उतरायचा, खेकड्यासारखा.

एप्रिलात एका दुपारी राखाडींचा जार रिकामा होता. सकाळपासूनच होता. मंदानं तीन वेळा खाली-वर केलं होतं. तिसऱ्या वेळेला वर आली तेव्हा तिच्या ओठांवर सिमेंट वाळून पापडी झालेली. तिनं गोणी टाकली, सरळ स्टुलापाशी गेली, नळाखाली ओंजळ धरली आणि प्याली. पेलाही घेतला नाही. दोन ओंजळी.

"ए! ए लडकी!"

सुपरवायझर धावत आला. त्यानं मंदाला हात लावला नाही. शिवीसुद्धा दिली नाही. त्यानं जार उचलला, स्लॅबच्या मोकळ्या जागेवर नेला आणि उपडा केला. भरलेला जार. बुडबुड करत पाणी आलं, तापल्या कॉन्क्रीटवर पसरलं आणि बघता बघता काळ्या डागाचा करडा डाग झाला. साऱ्या शहरात लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते, आणि हा माणूस वीस लिटर पाणी ओतून जार झटकत होता.

पिवळी हेल्मेटं बघत उभी होती. त्यातली कमला, पाटलांच्या गल्लीतली, मंदाला ती सून होऊन गावात आल्यापासून ओळखणारी. ती हळूच म्हणाली, "मंदे, तुला तुमचा जार दिसला न्हाई का गं? आता आमीबी तान्हेलोच की."

सोजर जिन्यात होती. तिनं गोणी खाली ठेवली. मंदाचं तोंड बघितलं. मंदा रडत नव्हती. ओले हात लुगड्याला पुसावेत की नाही हे न कळून ते पुढं धरून उभी होती.

"चल," सोजर म्हणाली.

"कुटं, आत्या?"

"हापिसात."

ऑफिस म्हणजे गेटजवळचा पत्र्याचा कंटेनर, आत गार हवा. रघुनंदन साहेब मजुरांचं सगळं बघायचे. हिंदी गोड बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मंदाला बाटलीतलं पाणीसुद्धा दिलं, कागदी पेल्यात.

"देखो अम्मा, यहाँ जात-पात कुछ नहीं. ये कलर कोड है. सेफ्टी का नियम. कौन किस काम का, रंग से पता चलता है."

"काम का रंग," सोजर तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "तो पानी का भी रंग है क्या साहब?"

साहेब हसले. दुसऱ्या दिवशी गेटवर अकरा जणांची कार्डं चालेनात. वॉचमन म्हणाला, "काम मुगीतु." काम संपलं. सतरा मजल्यांपैकी तीन अजून बांधायचे होते.

अकरांतले चौघं गावी परतले. सात जण राहिले आणि कोर्टात गेले.

*

दावा लावून देणारी वकील निवेदिता. मजुरांच्या संघटनेत बसायची. पुण्याची मुलगी, तिशीची, दर दोन वाक्यांत इंग्रजी. पण फाईल वाचताना कपाळाला आठी घालायची आणि समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची नाही, म्हणून सोजरला ती पटली होती. दाव्यात मागणं साधं होतं: पाणी एक, लिफ्ट एक, संडास एक, आणि कामावरून जातीपायी काढलं हे कोर्टानं सांगावं. सोजर पहिली वादी. नाव तिनं स्वतः लिहिलं होतं.

पावसाळा उतरता उतरता कंपनीचं उत्तर आलं. निवेदितानं सातही जणांना बोलावलं. खुर्च्या चार. लिंबाजी भिंतीला टेकून खाली बसला, पाय लांब करून.

"ऐका हं," निवेदिता म्हणाली, "कंपनी दोन गोष्टी म्हणतेय. एक, आम्ही कुठल्याही कामगाराची जात विचारत नाही, आम्हाला ती माहीतच नसते. दोन, वेगळं राहायची, वेगळ्या पाण्याची सोय या लोकांनीच मागितली. आणि त्याला त्यांनी हे जोडलंय."

तिनं एक कागद पुढं सरकवला. झेरॉक्स.

सोजरनं तो जवळ ओढून बघितला. अक्षरं मोठी, सुटी सुटी. अख्खी ओळ आधी लिहून डोक्यावरची रेघ मागाहून पट्टीनं मारलेली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शाळेच्या ओसरीवर लिहायला शिकलेल्या बाईचं अक्षर. तिचं.

दिवाळीनंतर टोळी बंगळुरात उतरली त्या दिवशीची यादी होती ती. मुकादम जयसिंगराव म्हणाला होता, "सोजरे, तू लिहायला शिकलीस म्हनं? मग कर यादी. सगळ्यांची नावं दे एका कागदावर." एवढंच म्हणाला होता. आणि ती हरखली होती. मुकादमानं साऱ्या गावातून तिला सांगितलं! स्टेशनच्या फलाटावर ट्रंकेवर कागद ठेवून तिनं त्रेचाळीस नावं लिहिली. वरच्या आळीपासून सुरुवात केली, पाटलांच्या गल्लीतून लिंगायतांच्या, तिथून धनगरांच्या. गावात पत्रिका वाटत फिरतात, बैलं पोळ्याला निघतात, तशी. बत्तीस नावं झाली. मग तिनं एक ओळ सोडली. आणि त्या सोडलेल्या ओळीखाली आपली अकरा. सगळ्यांत शेवटी स्वतःचं.

"हे कोणी लिहिलंय, माहितेय का?" निवेदितानं विचारलं.

लिंबाजीला वाचता येत नव्हतं, पण बायकोचं अक्षर तो ओळखायचा. तो गुडघा चोळत राहिला.

"मी," सोजर म्हणाली.

निवेदितानं मोकळ्या जागेवर पेन टेकवलं. "ओके. आणि ही मधली ओळ? ती कोणी सोडायला सांगितली?"

"कुणी न्हाई."

*

पत्र्याच्या खोलीत त्या संध्याकाळी चूल पेटली, पण कुणी जेवायला बसेना. सात जण आणि धूर. मंदा भाकरी थापत होती. तिचे हात फार जोरात पडत होते.

"मुकादमानं बसून लिहून घेतली म्हन," लिंबाजी म्हणाला. "त्यानं सांगितलं, तू लिवलीस. इषय खतम."

"त्यानं न्हाई सांगितलं."

"आगं, कोर्टाला काय कळतंय? तो काय गंगाजल उचलनार हाय का?"

"जयसिंगराव म्हनंल मी न्हाई सांगितलं."

"आन त्याचं कोन खरं धरनार? कंपनीचा मानूस तो!"

मंदानं भाकरी तव्यावर आपटली. "आत्या, एक सांगा. मला शेवटून दुसरी लिवलंय तुमी. कुणाचं भ्या होतं तवा? स्टेशनवर कोन बघत होतं? पाटील होता? सरपंच होता? बंगळुरात आपल्याला कोन वळखत होतं?"

"कुणी न्हाई."

"मग का सोडली वळ?"

सोजर चुलीतल्या लाकडाकडं बघत राहिली. तिनं मनात किती वेळा तो फलाट परत बघितला होता. हात बत्तिसाव्या नावापाशी आला आणि आपोआप खाली सरकला. विचार म्हणून केला नव्हता. देवळासमोरून जाताना चपला हातात घेतो, तसं. कुणी सांगत नाही, पण हात खाली जातोच.

"कळलंच न्हाई गं सोडली ते," ती म्हणाली.

"कळलंच न्हाई!" मंदा उसळली. "त्या मानसानं माझ्यापायी जार वतला. साऱ्या गावासमोर. मी म्हनत होते, ह्यांचं डोस्कं नासलंय. आन ही घान आपल्याच घरातून निघाली! आपल्याच हातानं!"

"मंदे," लिंबाजी म्हणाला.

"बोलू द्या तिला," सोजर म्हणाली.

मंदा तव्याकडं वळली. तिनं करपलेली भाकरी उलटली आणि तीच सोजरच्या ताटात टाकली. सोजरनं ती खाल्ली.

*

सकाळी सात जण नाक्यावर उभे राहत. सर्जापूर रोडच्या एका वळणावर, फर्निचरच्या दुकानासमोर. कुणी गाडी थांबवून दोन बोटं दाखवी, कुणी तीन. बाई म्हातारी असेल तर बोट मागं घेत. सोजर पदर कमरेला घट्ट खोवून, ताठ उभी राहायची. कधी एखाद्या बंगल्यात विटा वाहायचं काम लागे, कधी तोडफोडीचं, कधी काहीच नाही. मोठ्या साइटवर त्यांना कुणी घेईना. नाव सांगितलं की ठेकेदार फोनवर काहीतरी बघायचा आणि म्हणायचा, "जगा इल्ला." जागा नाही.

साक्षीच्या आधी चार दिवस जयसिंगराव नाक्यावर आला. मोटारसायकल लावली, गॉगल काढून खिशात ठेवला. पन्नाशीचा माणूस, गावात सात एकर आणि इथं टोळीचा धनी.

"काय सोजरे, बरं हाय का? लिंबाजी, पाय कसाय?"

"चालायलाय," लिंबाजी म्हणाला. पाय चालत नव्हता.

"मी लई सरळ मानूस हाय," जयसिंगराव म्हणाला. "मला काय तुमचं वाईट व्हावं असं वाटत न्हाई. साहेब म्हनतेत, बाईनं खरं बोलावं, बस. यादी तिच्या हातची, तिच्या मनानं लिवली. एवढं खरं बोललीस, की साती जन कामावर. पिवळं हेल्मेट. लिंबाजी लिफ्टनं."

"आन खरं न्हाई बोलले तर?"

"तर तू म्हननार, जयसिंगरावानं सांगितली." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मग गावाकडं तुझी भावकी हाय. तिलाबी मग माझ्या शेतातून वाट लागतीच की नदीला जायला."

मंदा पुढं आली. "मुकादम, तुमी यादी हापिसात दिली तवा साहेबांना काय म्हनलाव?"

"काय म्हननार? यादी दिली."

"वळीखालच्यांचं काय म्हनलाव?"

"तुझ्या सासूला इचार. वळ तिनं सोडली." त्यानं गॉगल घातला. "लिवायला शिकवलं सरकारनं, आमाला काय म्हाईत हे असं होईल."

मोटारसायकल गेली. फर्निचरवाल्यानं दुकानासमोर पाणी शिंपडायला सुरुवात केली आणि सात जणांना पुढं सरकायला सांगितलं.

सोजर त्या दिवशी एका घराच्या गच्चीवर वाळू चाळत होती. चाळणीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मंदा. दोघींचे हात एका तालात हलायला हवेत, नाहीतर वाळू सांडते. मंदा त्या रात्रीपासून कामापुरतंच बोलत होती.

"खरं बोललं तर कंपनीचं भलं हुतंय," सोजर म्हणाली. "खोटं बोललं तर आपलं. आसं कदी बघितलं न्हाई म्या."

मंदानं चाळणी थांबवली. "आत्या, मला एक कळत न्हाई. तुमी काय ठरवलंय?"

"न्हाई ठरवलं."

"मी म्हनत न्हाई खोटं बोला," मंदा म्हणाली. "पर तो मुकादम मामांना लिफ्ट म्हनला ना, तवा माझं अंग जळालं. भीक घालायलाय."

सोजरनं चाळणी परत हलवली. त्या दिवसातलं तेच एक बोलणं झालं.

*

कॉर्पोरेशनच्या स्टॉपवर उतरून कोर्टाच्या इमारतीपर्यंत जायला लिंबाजीला अर्धा तास लागला. आत लाकडाचा आणि जुन्या कागदांचा वास. पंखे इतके उंच की वारा खाली यायचाच नाही.

कोर्टानं दुभाषी नेमला होता. नरसिंहराव, निवृत्त कारकून, कपाळाला गंध, पांढरा शर्ट. पिढ्यान् पिढ्या बंगळूरचेच. त्यांचं मराठी सोजरला लग्नपत्रिकेसारखं वाटलं.

"स्वल्प सावकाश बोलावे अक्का," ते म्हणाले. "मी कन्नडात सांगेन साहेबांस. घाबरू नका, सरी?"

"सरी," सोजर म्हणाली. 'ठीक' एवढं कन्नड तरी ती साइटवर शिकली होती.

ती पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीश उतारवयाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. डाव्या बाजूला कंपनीचा वकील, मागं रघुनंदन साहेब, त्यांच्या मागच्या बाकावर जयसिंगराव. उजव्या बाजूला निवेदिता, मागं लिंबाजी, मंदा आणि बाकीचे चौघं.

वकिलानं कागद तिच्यापुढं धरला. तो इंग्रजीत बोलला, नरसिंहरावांनी मराठी केलं.

"हे अक्षर तुमचे?"

"व्हय. माझंच."

मागं लिंबाजीनं दीर्घ श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

"ही यादी कोणी सांगून लिहविली?"

"मुकादम म्हनले, नावं लिव. कोनाचं आधी, कोनाचं मागं, ते न्हाई सांगितलं."

"म्हणजे क्रम तुम्हीच लावला."

"व्हय."

"या बत्तीस नावांनंतर एक ओळ मोकळी आहे. ती कोणी सोडविली?"

सोजरनं मंदाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"मी सोडली. कुणी न्हाई सांगितलं. गावात आमी मांग. मांगवाडा सगळ्यांत मागं, म्हनून हात मागं गेला. लहानपनापासून तसाच जातोय."

नरसिंहराव न्यायाधीशांकडं वळले आणि कन्नडात बोलले. सोजरला कन्नड सगळं येत नव्हतं. पण तिनं शब्द ऐकले आणि मोजले. ती एवढं बोलली आणि हे एवढंसंच?

"आण्णा," ती म्हणाली, "मी मांग म्हनले. तुमी म्हनला न्हाईत."

नरसिंहरावांनी खिशातून रुमाल काढला. "अक्का, ते मी... बेरे समाज, दुसरा समाज, असे सांगितले. बरे दिसत नाही कोर्टात ते."

"मला बरं दिसायचं न्हाई. मांग म्हना. बाकीचंबी म्हना. हात कसा गेला ते."

न्यायाधीशांनी कन्नडात विचारलं काय चाललंय. नरसिंहरावांचे कान लाल झाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, तो शब्दही, अगदी हळू. स्टेनोच्या बोटांखालचं यंत्र वाजलं.

कंपनीचा वकील हसऱ्या तोंडानं पुढं आला. त्याला हवं ते मिळालं होतं. "म्हणजे तुम्ही स्वतःच, स्वेच्छेने, आपली अकरा माणसे वेगळी केली. कंपनीने केली नाहीत. खोल्या, पाणी, सर्व तुमच्या यादीप्रमाणे. बरोबर?"

नरसिंहरावांनी हे मराठीत सांगितलं. सोजरनं कागद हातात मागितला. तो तिला दिला गेला. तिनं तो बघितला. नावांवर डोक्यावरची रेघ होती, मोकळ्या जागेवर काहीच नव्हतं. आणि एकाएकी तिच्या डोक्यात संताप चढला.

"ह्या कागदावर जात लिवलीय का?" तिनं विचारलं.

वकील म्हणाला, प्रश्न तो विचारतो, तिनं उत्तर द्यायचं. न्यायाधीश म्हणाले, उत्तरच देतेय ती, बोलू द्या.

"कंपनी म्हनती, आमी जात इचारत न्हाई, आमाला म्हाईत नसती. तुमच्याच कागदात हाय. बाईसाहेबांनी वाचून दाखवलंय. आता ही यादी. हिच्यात नाव हाय, आनि काय हाय? जात न्हाई. वस्ती न्हाई. पिवळं न्हाई, राखाडी न्हाई. पानी न्हाई. खोली न्हाई. ही एक वळ कोरी हाय. कोऱ्या वळीत मी काय लिवलंय? काईच न्हाई." ती नरसिंहरावांकडं वळली. "सांगा एवढं."

त्यांनी सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. सोजर त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"आमी आलाव आणि तिसऱ्या दिवशी राखाडी हेल्मेट आलं. अकरा. नेमकं कोरीखालच्या अकरांना. बत्तिसांतल्या एकालाबी न्हाई, अकरांतला एकबी सुटला न्हाई. मी कोरी जागा सोडली, ती आमच्या गावाच्या सवयीनं सोडली. माझी चूक हाय, मी म्हनते. पर ह्या साहेबांनी, कुठल्या देशाचे, गोरेगोमटे, शिकलेले, त्यांनी ती कोरी जागा तिसऱ्या दिवसाच्या आत वाचली कशी? ह्यांना काय दिसलं तिच्यात? मला इचारायच्या आदी ह्यांना इचारा."

तिच्या आवाजाला धार आली होती, पण ओरडली नव्हती. ओझ्याखाली बोलायची सवय असते, तशी श्वास राखून बोलली.

वकील म्हणाला, साक्षीदार वाद घालतेय. आणखी काही म्हणाला. न्यायाधीशांनी हात वर केला. त्यांनी यादी मागून घेतली, चष्मा वर सरकवला, मग कंपनीच्या उत्तराचं पान उलटून दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी वकिलाला सोडून मागं बसलेल्या रघुनंदन साहेबांकडं बघितलं. कन्नडात विचारलं. छोटा प्रश्न.

रघुनंदन उभे राहिले. त्यांनी जयसिंगरावाकडं बघितलं. जयसिंगराव छताकडं बघत होता. साहेबांनी टायची गाठ चाचपली. सवयीनं, माणूस घरात बोलतो तसं, थोडं हसून ते म्हणाले:

"यल्लारिगू गोत्तिरत्ते, सर."

कंपनीचा वकील गर्रकन् वळला. तो काहीतरी जोरात बोलला, हे लिहू नका, हा साक्षीदार नाही. न्यायाधीश शांतपणे स्टेनोला म्हणाले, लिहा. आणि वकिलाला म्हणाले, पुढच्या तारखेला यांना पिंजऱ्यात आणा. हेच शब्द तिथं विचारतो.

रघुनंदन अजून उभेच होते. आपण काय बोललो हे त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता उतरत होतं.

नरसिंहरावांनी सोजरला खूण केली, आता खाली उतरा. ती उतरली नाही. पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

"आण्णा, ते काय म्हनले, मराठीत सांगा."

"अक्का, झाले आता. बाहेर सांगतो."

"हितंच सांगा. मोठ्यानं. माझ्या मानसांना ऐकू येऊ द्या."

त्यांनी न्यायाधीशांकडं बघितलं. न्यायाधीशांनी मान हलवली. म्हाताऱ्या दुभाष्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला, लिंबाजीच्या, मंदाच्या बाजूला तोंड केलं आणि शब्द शब्द वेगळा करून सांगितलं:

"न्यायाधीशांनी विचारले, मग तुम्हांस कसे कळले? ते म्हणाले, हे सगळ्यांना माहीत असते, सर."

मंदा उठून उभी राहिली होती. कोर्टाच्या शिपायानं तिला खाली बसायची खूण केली, तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. ती पुढं आली आणि पिंजऱ्याच्या खालच्या पायरीपाशी सासूसाठी हात धरून थांबली.

"लिवलं का त्यांनी?" सोजरनं विचारलं.

"लिवलं, आत्या. मी बघितलं. लिवलंय."

सोजरनं तिचा हात धरला आणि मगच ती खाली उतरली.